डब्यातला गालिचा

सुतार : बाहेरून? ताई, कडी बाहेरून लावायची?

मुलगी : हो, बाहेरून. आतून लावली तर आई काढेल ना.

सुतार : ते समजलं मला. समजलं म्हणूनच विचारतोय. बाहेरून कडी मी कोंबड्यांच्या खुराड्याला लावलीय. माणसाच्या खोलीला अजून नाही.

मुलगी : मिस्त्री, माझ्या अंगात आता वाद घालायचं त्राण नाही. जमत नसेल तर कडी ठेवा इथे, मी बसवते.

सुतार : रागावू नका हो. बसवतो. पण राहवत नाही म्हणून बोललो. तीन आठवड्यांपूर्वी याच खोलीत काय उत्साह होता तुमचा! हा आरसा इकडे घ्या, तो दिवा खाली सोडा, दोऱ्यांची झालर चार बोटं वर. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, आईची खोली सजवणारी लेक बघायची असेल तर चल दाखवतो. काय ते म्हणत होतात तुम्ही? बोहो?

मुलगी : बोहेमियन. भटक्यांच्या तंबूसारखं, रंगीबेरंगी.

सुतार : तेच. भिंतीवर पंधरा आरसे मी माझ्या हातांनी ठोकले. आणि आज त्याच खोलीला कडी.

मुलगी : करायला गेले काय आणि वरती झाले पाय. झालं समाधान? घ्या ते ड्रिल हातात.

आई : अहो बाई, कोण आलंय?

मुलगी : सुतार आलेत, आई. तू बस पलंगावर.

सुतार : तुम्हाला ‘अहो बाई’ म्हणतात?

मुलगी : कालपासून. परवापर्यंत बबडी होते मी. बाबा गेले हे ती विसरली, दादाच्या मुलांची नावं विसरली, पण ‘बबडे’ दिवसातून पन्नास वेळा व्हायचं. आणि पहिल्या हाकेला ओ दिली नाही की रुसायची. लहानपणापासूनचा नियम आहे तिचा. ‘काय’ म्हणायचं नाही, ‘आले’ म्हणायचं नाही. ओ द्यायची.

सुतार : मग काल असं काय झालं?

मुलगी : हे मनगट बघा आधी.

सुतार : अरे बापरे. पाचही बोटं उठलीत.

मुलगी : रोज सकाळी हेच. तिला संडासला न्यायला निघाले, मी एक पाऊल पुढे टाकलं, की मागून मनगट धरते. नखं रुतेपर्यंत. स्वतः जायचं नाही, मला जाऊ द्यायचं नाही. मग सगळं अंथरुणात. कपडे बदलू देत नाही, साडी छातीशी आवळून बसते. आरशांवर चप्पल फेकते. मी या हाताचा फोटो काढून दादाला पाठवला. त्याने दोन दिवसांत जागा बघितली. वृद्धाश्रम म्हणायचं नाही हं त्याला, केंद्र म्हणायचं. सोमवारी येतोय घेऊन जायला.

सुतार : आणि तुमच्या मनात काय आहे?

मुलगी : माझ्या मनात? मी माझं घर बंद करून इथे राहायला आले मिस्त्री. ती इथेच राहावी, स्वतःच्या खोलीत मरावी, एवढंच होतं मनात. पण दादा म्हणतो, मारणारं माणूस घरात कसं ठेवायचं? मी हो म्हटलं.

सुतार : अहो, पण किती प्रेमाने केलं होतंत सगळं.

मुलगी : माझं नव्हतंच ते. तिचं होतं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मासिकांतली चित्रं कापून ठेवली होती तिने. चाळीस वर्षं. रंगीत उशा, लोंबते दिवे, भिंतभर आरसे. बाबांना घर पांढरं लागायचं. ‘सर्कस करायचीय का घराची?’ म्हणायचे. ती डबा बंद करून ठेवायची. बाबा गेल्यावर मी तो डबा उघडला आणि ठरवलं, हिला देऊन टाकायचं आता सगळं. चित्राबरहुकूम. हा गालिचासुद्धा त्या डब्यातलाच. सहा दुकानं पालथी घातली, तेव्हा असाच्या असा मिळाला.

सुतार : आणि काल?

मुलगी : काल माझा तोल गेला. दोन्ही हात धरून फरफटत नेलं मी तिला. तिने हिसडा दिला, मी गालिच्यावर उताणी पडले. ती किंचाळून कोपऱ्यात जाऊन बसली. मी उठून जवळ गेले, तर म्हणाली, ‘तुम्ही कोण?’ आता बसवता का कडी?

सुतार : बसवतो. आधी चौकट आतल्या बाजूने बघून घेतो, किती खोल जाईल स्क्रू ते. आजी, येऊ का आत? दोनच मिनिटं.

आई : अहो! थांबा! थांबा, तिकडे पाय नका टाकू!

सुतार : अरे, अरे! आजी, बाही सोडा, फाटेल!

मुलगी : बघितलंत? आई, सोड त्यांना! सोड म्हणते ना!

सुतार : ताई, तुम्ही ओरडू नका. जरा थांबा. अहो काय पकड आहे, शिकंज्यात फळी धरावी तशी. आजी, नाही जात मी पुढे. हा बघा, उभा राहिलो. काय झालं?

आई : पडला असतात.

सुतार : कुठे?

आई : कुठे म्हणजे? विहिरीत. एवढे धडधाकट दिसता, डोळे नाहीत का तुम्हाला? कठडासुद्धा नाही बांधलेला. घरात विहीर कोणी खणली, कोण जाणे.

मुलगी : कसली विहीर? आई, तो गालिचा आहे ग. तुझा गालिचा. तुझ्या डब्यातला.

सुतार : ताई, इकडे या. पलंगावर बसा, आजी बसतात तिथे. आता खाली बघा.

मुलगी : काय बघू?

सुतार : नुसतं बघा. गोल आहे. मध्ये काळाभोर. कडेने विटांच्या रंगाची नक्षी.

मुलगी : विहीर.

सुतार : मला तर आता दुसरं काही दिसेनासं झालंय.

मुलगी : संडासच्या वाटेवर मीच टाकला तो. सकाळी फरशी गार लागते तिला म्हणून.

आई : आणि त्या बायका. पंधराजणी बसल्यात भिंतीला, दिवसभर टक लावून. त्यांच्यासमोर लुगडं कसं सोडायचं माणसाने? जा म्हटलं तर एक हलत नाही. लाज म्हणून नाही मेल्यांना.

सुतार : आरसे, ताई.

मुलगी : कळलं. कळलं मला, नका सांगू.

सुतार : मी दिवसभर ठोकत होतो, त्या तिथे कोपऱ्यात बसून बघत होत्या. ‘आजी, कसं दिसतंय तुम्हाला’ एवढं विचारायला माझं काय जात होतं? एकदा नाही विचारलं.

मुलगी : तुमचं काय घेऊन बसलात? लेक मी आहे. मिस्त्री, मी पुढे पाऊल टाकलं की धरायची ती. आधी नाही, नंतर नाही. नेमका पाय पडायच्या वेळी.

सुतार : हो. मागे ओढत असणार तुम्हाला.

मुलगी : आणि मी त्याचा फोटो काढला. फोटो काढून दादाला लिहिलं, बघ तुझी आई काय करते.

सुतार : ताई, बसा. पाणी देऊ का?

मुलगी : काल फरफटत नेताना ती ओरडत होती, ‘नको बबडे, दोघी जाऊ, दोघी जाऊ!’ मला वाटलं बरळतेय. मी म्हटलं, ‘जाऊ तर जाऊ, चल!’ असं म्हणाले मी तिला, मिस्त्री. त्या काठावर उभी करून म्हणाले.

आई : अहो दादा, तुमच्याकडे दोर आहे का?

सुतार : दोर? कशाला आजी?

आई : माझी मुलगी आहे हो आत. काल पडली. माझाच हात सुटला, म्हातारीच्या हातात जोर तो किती? या बाईंना सांगून दमले मी, त्या खुशाल वरून चालत जातात.

मुलगी : आई, मी नाही पडले. बघ ना माझ्याकडे. मीच बबडी. ही बघ.

आई : तुम्ही बऱ्या आहात हो. जेवूबिवू घालता, नाव ठेवायला जागा नाही. पण बबडी वेगळी.

मुलगी : काढा तो गालिचा. आत्ताच्या आत्ता. आरसे काढा, झालर काढा, एक खिळा ठेवू नका. पांढरी करा खोली, होती तशी.

सुतार : आणि कडी?

मुलगी : कडीचं नाव काढू नका. दादाला मी सांगते, आई मारत नाही. त्याला इथे आणून, याच पलंगावर बसवून दाखवते. सोमवारी काही ती जात नाही कुठे. काढा आधी ते!

(सुतार गालिचा गुंडाळून खोलीबाहेर नेतो. आरशांवर एक चादर टाकतो. आई पलंगावरून खाली उतरते.)

सुतार : झालं आजी. बुजवली. आता पाय आपटून बघा, फरशी आहे खणखणीत.

मुलगी : ये आई. मी हात नाही धरत. तुझी तू ये.

सुतार : आल्या! ताई, आल्या बघा! वा आजी, आणखी एक पाऊल. अहो, सरळ निघाल्या की! दादांना हेच दाखवा सोमवारी, दुसरं काही बोलायलाच नको.

मुलगी : इकडे ग, दार इकडे आहे. अशी मध्येच का बसलीस? फरशी गार आहे आई, ऊठ.

आई : बुजवलीत?

सुतार : हो, एकदम पक्की. काळजीच नको.

आई : आधी तिला काढलंत ना वर?

सुतार : ताई… काय सांगू?

मुलगी : सांगा, काढलं.

सुतार : काढलं आजी. ही काय, तुमच्या शेजारीच बसलीय.

आई : या बाई आहेत. थांबा, मी हाक मारून बघते. पहिल्या हाकेला ओ देते माझी पोर. बबडे!

मुलगी : ओ.

आई : बबडे ग!

मुलगी : ओ, आई! ओ! इथे आहे मी, तुझ्याजवळ!

आई : अहो बाई, हात जोडते तुम्हाला, जरा गप्प बसा. तिचा आवाज येत नाहीये मला.