दाजींची शेवाळाची पावडर

वजन उतरवायच्या पावडरीचं बोलताय म्हणून सांगतो गड्यांनो. आमची अक्का इस्लामपूरला दिलीय. लग्नानंतर ती अंगानं भरली, तवा दाजींनी समुद्री शेवाळाची पावडर आणली. "नैसर्गिक हाय, काय व्हत न्हाई," म्हणत रोज सकाळी समोर उभं राहून प्यायला लावायचे. लय उग्र वास यायचा. अक्का नाक दाबून प्यायची.

वजन उतरलं, खोटं कशाला बोला. पावण्यारावळ्यांत कौतुकबी झालं. पण तिचे हात थरथरायला लागले, छाती धडधडायची, झोप उडाली. शेवटी चक्कर येऊन पडली, तवा मीच दोघांना गाडीत घालून सांगलीला डॉक्टरांकडं नेलं.

रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "शेवाळातल्या आयोडीननं थायरॉईड बिघडलाय. हृदयावर ताण येतोय. आजच बंद करा."

दाजींनी विचारलं, "पण बंद केल्यावर ही परत जाड व्हनार न्हाई न्हवं?"

अक्का उठली, बाहेर येऊन गाडीत बसली आणि मला म्हणाली, "इस्लामपूरला नगं रं. म्हसवडला घे, आईकडं."

दाजी अजून आतच व्हते, दुसरी एखादी पावडर हाय का, विचारत.