रांगेतल्या घागरी

हसणार नसाल तरच सांगतो. लातूरच्या एका कॉलेजात सेमिनार होता, ‘कलेतलं शहर’. मी नांदेडहून पेपर वाचायला गेलेलो. पडद्यावर तिथल्याच एका चित्रकाराचं चित्र लावलं. उन्हातली गल्ली, नळापासून लांबपर्यंत घागरींची रांग, अन् माणूस एकही नाही. मी लई रंगात आलो. म्हटलं, "बघा, शहरानं माणूस गिळून टाकला! उरलं फक्त एकाकीपण!"

टाळी नाही. सगळे माझ्याकडे टकामका बघून राहिलेले. मला कळेना, चुकलं काय?

चहा घेऊन आलेल्या शिपाई मावशी तिथंच थांबल्या. "सर, माणसं घरात स्वयपाक करून राहिलीत. घागर नंबराला ठेवली हाय."

"अहो, पण कोणी उचलून मागं सरकवली तर?" मी विचारलं.

मावशी हळूच म्हणाल्या, "जाऊ द्या. सर नांदेडचे हायत. त्यांना गोदावरी हाय."

दुपारी जेवायला गेलो. वाढायच्या टेबलापाशी कोणीच नाही. फरशीवर नुसत्या पिशव्या, फायली अन् एक हेल्मेट. बरं झालं म्हणून मी ताट घेऊन सरळ वरणापाशी गेलो.

लिंबाच्या सावलीतून दहा-बारा जण एकदम ओरडले, "ओ सर! नंबर हाय!"

नंबराला ठेवायला दुसरं काहीच नव्हतं. गपचूप हेल्मेटच्या मागं माझा पेपर ठेवला अन् सावलीत जाऊन बसलो. त्या दिवशी तो तेवढाच कामाला आला.