किती शब्द टाकू?

...आणि वर मलाच विचारतो, ‘‘वर्नाबाई, किती शब्द टाकू?’’ मला! तुम्हाला सांगते, बावीस वर्षं मी मिलवॉकीत डॉक्टर हॅल्व्हरसनांच्या टेपा ऐकून एक्स-रेचे रिपोर्ट टाईप करतेय, आणि हा ब्रेंट, बोललेलं आपोआप टाईप करणारा प्रोग्रॅम बसवायला आलेला, म्हणजे माझीच खुर्ची उचलायला आलेला, मीच बेकरीतून आणलेला गोड क्रिंगल खात विचारतो, ‘‘शब्दांचा साठा लहान टाकू का मोठा? वीस हजार शब्द, का साठ हजार?’’ गोड बोलत होता हो... कुठंतरी पाणी मुरत होतं!

म्हटलं, लहान घेतला तर? ‘‘भराभर चालतं, पण ओळखीचा शब्द नसला की दुसराच ठोकून देतं.’’ आणि मोठा? ‘‘शब्द सगळे, पण शोधत बसतं.’’ मग मधला? ‘‘मधल्यात दोन्ही थोडं थोडं.’’ याला काय विकणं म्हणतात?

तेवढ्यात डॉक्टर आले. ‘‘मोठाच टाका! माझी भाषा म्हणजे काय किराण्याची यादी आहे?’’ ब्रेंट म्हणाला, ‘‘मोजूनच बघू ना, तुमचे जुने रिपोर्ट घालू यात.’’ आणि ते दिले कोणी? मी! चाळीस फ्लॉप्या, स्वतःच्या हातानं! मोजणी झाली, वेगवेगळे शब्द अकरा हजार. डॉक्टर फुगले. ‘‘बघितलंत, वर्ना? अकरा हजार!’’

आता डॉक्टरांची टेप कशी असते, सांगू? ‘‘वर्ना, मिसेस झिएलिन्स्की, छाती. नेहमीचं.’’ संपली टेप! फुप्फुसं, फासळ्या, हृदयाचा आकार, सगळं पानभर मी लिहायचं, मग त्यांनी वाचून खाली सही ठोकायची. गुडघा असला तर ‘‘मंगळवारच्यासारखाच’’. अकरा हजारांतले त्यांचे असतील चाळीस, तेही नर्सवर ओरडायचे धरून! पण बोलले नाही. म्हटलं, उद्या खुर्ची जाणारच आहे तर निदान मजा बघून जाऊ. तरी या वयात मला दुसरं कोण ठेवणार होतं?

अकरा हजार तर लहान साठ्यातही मावले असते, पण डॉक्टरांचा हट्ट, सोमवारी मोठाच साठा टाकला. सगळा स्टाफ गोळा. डॉक्टरांनी कानाला ते माईकचं लावलं, खाकरले. ‘‘मिसेस झिएलिन्स्की, छाती. नेहमीचं.’’

पडद्यावर आलं... मिसेस झिएलिन्स्की, छाती. नेहमीचं.

डॉक्टर वाट बघतायत. ‘‘पुढं?’’ प्रोग्रॅमनं टाईप केलं, पुढं? ‘‘अरे, नेहमीचं!’’ तेही केलं. ‘‘वर्ना!’’ तेही!

ब्रेंट घाबरला. ‘‘साठा कमी पडला का?’’ मी म्हटलं, अरे बाबा, साठा भरपूर आहे, वापरणारा कुठाय? डॉक्टर माझ्याकडे असे बघायला लागले, की पाणी कुठं मुरतंय ते आता त्यांनाही कळलं!

तर खुर्ची राहिली. खोटं कशाला सांगू, बाथरूममध्ये जाऊन रडले मी. आता डॉक्टर टेपेत ‘‘नेहमीचं’’ म्हणतात, मी ते ऐकून अख्खं पान माईकवर बोलते, आणि प्रोग्रॅम टाईप करतो. पूर्वी बोटं दुखायची, आता घसा. आणि त्याला आवाज शिकवलाय फक्त माझा! गेल्या आठवड्यात सर्दी झाली तर ओळखच दाखवेना मेला. तीस रिपोर्ट तुंबले. डॉक्टर स्वतः धावत आले, तेव्हाच मला कळायला हवं होतं! म्हणाले, ‘‘वर्ना, लवकर बऱ्या व्हा. औषध घ्या.’’

म्हटलं, कोणतं घेऊ, डॉक्टर?

‘‘नेहमीचं.’’