मनजीतची माफी

आमच्या चाकणच्या कंपनीतली मनजीत माहितीये ना? बसमध्ये माझ्या शेजारी बसते ती. नवऱ्यानं मारलं म्हणून ती रावेतला भावाकडे आली आणि पोलिसात जायला निघाली. तेव्हा गुरुद्वाऱ्यातले पाच वडीलधारे म्हणाले, "बेटी, घरातलं भांडण आपण इथंच मिटवू."

ती थांबली. त्यांनी दोघांचं ऐकलं, नवऱ्याला सगळ्यांसमोर चूक कबूल करायला लावली आणि चाळीस दिवस संगतीचे, म्हणजे गुरुद्वाऱ्यात जमणाऱ्या सगळ्यांचे, जोडे पुसायची सेवा दिली. त्यानं ती नीट केली, खोटं कशाला बोलू? शेवटच्या दिवशी मी मनजीतसोबत गेले, तर त्यानं माझ्याही चपला पुसून दिल्या.

एक आजी तिला म्हणाल्या, "बघ, किती नमला! आता जा घरी."

"बीजी, तो माझ्याशी अजून एक शब्दही बोललेला नाही."

"अगं, संगतीनं माफ केलंय त्याला."

"मार संगतीनं खाल्ला होता का?"

तो शेजारीच उभा होता. त्यानं मान खाली घातली, पण तोंड उघडलं नाही. मनजीत माझ्याबरोबर रावेतला परतली.

आता सगळे म्हणतात, त्यानं बिचाऱ्यानं एवढं केलं, हट्टी तीच आहे.