दोरीवरचा शर्ट

लातूरच्या पिठाच्या गिरणीत, माझ्यापुढं रांगेत दोघी शेजारणी तावातावानं बोलत होत्या.

"अफसाना, तुझ्या दोरीवर पाकिस्तानचा शर्ट वाळायलाय. माझ्याकडं राहणारी क्लासची पोरं गच्चीतून फोटो काढायलीत. आधी काढ तो!"

"कशाला काढू? माझी कशिश भारताकडून रग्बी खेळली, त्यांना हरवून आली."

"मग त्यांचा शर्ट घरात कशाला आणला?"

"गौराक्का, मॅच संपली की दोन्हीकडच्या पोरी शर्टांची अदलाबदल करतात. खेळाची रीत हाय ती."

"रीत गेली चुलीत! उद्या दारात लोक जमले तर मी मधी पडणार न्हाई."

"नको पडू! भूकंपानंतर मैदानात तंबूत राहिलो, तवा तुझ्या साड्या अन् माझ्या सासूचे बुरखे एकाच दोरीवर वाळायचे. तवा तुला लाज न्हाई वाटली?"

"तवाचं येगळं होतं. पोरीचा भारताचा शर्ट कुठाय? तो घाल की दोरीवर!"

"तो त्या पोरीनं कराचीला नेला. तिच्या आईनंबी धुऊन वाळत घातला असल. अन् तिथलीबी एखादी गौराक्का आत्ता तिच्या उरावर बसली असल, आधी काढ तो म्हणून!"