देवाच्या नावचं समन्स

— व्हय व्हय, वाचलं की! 'प्रतिवादी क्रमांक दोन, श्री सिद्धोबा देव, वय' — आन् म्होरं मोकळं! लिवणाऱ्याची बी छाती झाली न्हाय बघा. बसा बेलीफसाहेब, चप्पल तेवढी भाईर काढा. आता सही कुणाची घेणार? देवाच्या हातात तलवार हाय, पेन न्हाय. मी? मी बाळासो गुरव, प्रतिवादी क्रमांक एक — माझं समन्स अकरा वर्सामागंच घेतलंय मी.

ठाऊक न्हाय व्हय? माझा धाकला भाऊ, कृष्णात — त्येनंच दावा लावला, देवळामागलं दोन एकर रान निम्मं त्येचं म्हणून. अकरा वर्सं त्यो म्हणतोय माझं, मी म्हणतोय माझं, आन् वकील म्हणत्यात पुढली तारीख. गेल्या म्हैन्यात नव्या जज्जबाई आल्या. सातबारा बघितला, चष्मा वर केला आन् इचारलं — मालक म्हणून श्री सिद्धोबा देव लिवलाय, त्यो कुठाय? दोन्ही वकील पंख्याकडं बघाय लागलं! मालकाला पक्षकार केल्याबिगर दावा चालणार न्हाय म्हणाल्या. म्हंजे अकरा वर्सं आमी अक्षता टाकतोय आन् मांडवात नवरदेवच न्हाय!

त्यात देव म्हणं कायद्यात अज्ञान. बारकं पोरगं! पालक पायजे त्येला. म्हटलं मी हाय की, चाळीस वर्सं आंघोळ घालतोय. तर बाई म्हणाल्या, तुमी त्येचंच रान मागताय, तुमी पालक कसं? — हसू नका. त्या रानात माझा ऊस हाय, पोरासाठनं घराचा पाया काढलाय. ह्यो कोर्टात उभा ऱ्हायला तर कृष्णात बी गेला आन् मी बी गेलो.

असं करूया, कौल लावूया. ह्या दोन कळ्या, देवाच्या दोन खांद्याला. उजवी पडली तर समन्स घेतलं, डावी पडली तर न्हाय घेतलं — मुकाट परत न्यायचं. आमच्या गावात सगळं असंच मिटतंय. कृष्णाताचं बी मिटलंच हुतं की, सगळ्या गावाम्होरं! निम्मं रान धाकल्याला द्यायचं का म्हणून इचारलं, डावी पडली. पडली म्हंजे... उजवीच्या बुडाला जरा गूळ लावला की ती हलत न्हाय. ए, ते लिवू नका! बापानं शिकीवलंय, दोघास्नी बी. म्हणून तर कृष्णात त्या दिशी कळीकडं बघतच न्हवता. माझ्याकडं बघत हुता. गेला आन् दावा लावला. तवापास्नं देवळात पाय न्हाय त्येचा. पालखीला बी येत न्हाय — लै वाईट वाटतं पालखीला.

असूं दे. हां, लावल्या. आता बोलू नका. डावीकडं बघा... पडंल... सिद्धोबा, पावणं खोळंबल्यात रं —

आँ? उजवी? उजवी कशी पडंल? गूळ तर हाय, ह्यो बघा बोटाला. पाघळला असंल. ऊन लै हाय. ऊन लै हाय, न्हवं?

बोला की.

...ठेवा कागद पायापाशी. घेतलं त्येनं. वाटंत चक्कीशेजारी कृष्णाताचं घर लागंल. त्येला म्हणावं, उजवी पडली. गूळ लावून बी उजवी पडली म्हणावं. त्येला कळंल. — आता बघत काय बसलाय? चप्पल घाला आन् जावा.