मामांना सांगा

कल्पिता : सिस्टर, मामांना जरा सांगा ना, खिडकीपासून दारापर्यंत सारख्या फेऱ्या नका मारू म्हणावं. बघूनच गरगरतं मला.

प्राची : मी सांगू? अहो कल्पिताताई, ते तुमच्या पायाशी उभे आहेत. ऐकलं त्यांनी.

धाकू : ऐकला. सिस्टर, तिला सांगा, मी बसतो. पन बसला की माजा जीव वर-खाली होतो. आनि तिला इचारा, खिमट आनलाय घरनं, गरम हाय तवर दोन घास खाशील का.

प्राची : हे काय चाललंय? भांडलात का सासरे-सून?

कल्पिता : भांडायला तरी बोलावं लागतं, सिस्टर. आमच्याकडे सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. लग्न होऊन माजिवड्याला आले तेव्हापासून हे असंच. आधी सासूबाई होत्या. मी त्यांना सांगायचे, त्या मामांना. त्या गेल्या, मग आमची ऐश्वर्या मधे. आता तिची बारावी, ती घरी. तिचे पप्पा रात्री थांबतात इथे, दिवसा त्यांचं दुकान. म्हणून दिवसा मामा.

प्राची : म्हणजे तुमच्या घरातली मधली बाई आता मी. छान. डोंबिवलीला माझी सासू बोलायचं थांबतच नाही, तिला आणून बसवते एक दिवस. आजोबा, ठेवा तो डबा इथे. ताई, सकाळची खिचडी पण तशीच आहे की. आणि ही उचकी कधीपासून?

कल्पिता : उठल्यापासून. येते नि जाते.

प्राची : पोट बघू. अरे, हे एवढं टच्च कसं? काल असं नव्हतं. वारा सरतोय ना नीट?

कल्पिता : सरतोय.

धाकू : सिस्टर, मी जरा खाली जातो. तिला पियाला नारलाचा शहाला मिलतो का बगतो.

प्राची : जा, सावकाश या. गेले एकदाचे. आता माझ्याकडे बघा, भिंतीकडे नको. सरतोय की नाही?

कल्पिता : चादर टोचतेय हो. बदलून द्या ना कुणाला सांगून.

प्राची : ताई.

कल्पिता : आणि घरी कधी सोडणार ते सांगा. हा पंखा, ही भिंत, बाहेरून स्ट्रेचर नेतात त्याचा खडखडाट, कान किटलेत माझे. डोळा लागला की कुणीतरी बीपी बघायला येतं. कूस बदलायला गेलं की टाके ओढतात. खडवलीला आई अंथरुणाला खिळलीय, तिला अजून सांगितलेलं नाही. रोज फोनवर विचारते, आवाज का असा येतो तुझा. मला जाऊ द्या आता.

प्राची : मलाही तुम्हाला घरी पाठवायचंच आहे. म्हणूनच विचारतेय. अपेंडिक्स फुटून आलात तुम्ही. पोट उघडून धुवावं लागलं. मग टाक्यांतून पू आला, परत थिएटरमध्ये नेलं. एवढं झाल्यावर आतडी रुसून बसतात. ती चालू झाली हे कळायची मोठी खूण म्हणजे वारा. सर रोज तेच विचारतात ते काय हौस म्हणून?

कल्पिता : नाही सरला.

प्राची : आज नाही सरला?

कल्पिता : एकदाही नाही.

प्राची : मग काल राउंडला मान हलवलीत ती कशाला?

कल्पिता : तुम्ही काल होतात ना इथे? सरांनी मला विचारलंच नाही. मामांना विचारलं. काय आजोबा, सूनबाईंचा गॅस पास झाला का, असं, भाजीचा भाव विचारावा तसं. मामांनी आयुष्यात माझ्याकडे मान वर करून बघितलेलं नाही. त्यांचे कान लाल झाले. हातातली टोपी नुसती फिरवत राहिले. मला वाटलं, आता ह्यांना काय उत्तर द्यावं लागतंय. मी आपली पटकन मान हलवली, एकदाचा विषय संपावा म्हणून. तर मामा लगेच म्हणाले, हो हो डॉक्टर, सगला बरा हाय.

प्राची : आणि त्या मानेवर आम्ही तुमच्या नाकातली नळी काढली. खायला घातलं तुम्हाला.

कल्पिता : पहिल्यांदा बरं पण वाटलं. म्हटलं आज ना उद्या सरेलच, कुणाला कळतंय.

प्राची : पोटाला कळतं ना. आता तोंडात काही घालायचं नाही, पाण्याचा थेंब पण नाही. मी सरांना फोन करते. नळी परत घालावी लागेल.

कल्पिता : नळी नको, सिस्टर. पाया पडते. घशात माशाचा काटा अडकल्यासारखं होतं. रात्रभर गिळता येत नव्हतं मला.

प्राची : आणि उलटी होऊन छातीत गेली तर? मग काय कराल?

कल्पिता : परत पोट उघडतील का?

प्राची : ते मी कसं सांगू? एक्सरे काढतील, रक्त तपासतील. नळीने सुटलं तर सुटलं.

कल्पिता : म्हणजे उघडतील. तिसऱ्यांदा नाही सोसायचं मला. ऐश्वर्याचा पेपर आहे सोमवारी. मामांना काय सांगणार तुम्ही?

प्राची : खरं आहे ते.

कल्पिता : नका ना. दुसरं काहीतरी सांगा. ताप आला म्हणा.

प्राची : काल एकदा विषय संपवलात ना, बघा कुठे येऊन ठेपलाय. पलीकडची बेल वाजतेय, मी सरांना फोन करून आलेच. उलटी आली तर हे भांडं जवळ ठेवलंय. हात पोचतोय ना?

कल्पिता : पोचतोय. लवकर या.

धाकू : सिस्टर, शहाला भेटला बगा, पानी भरपूर हाय. सिस्टर? गेली वाटतं. आथां तिला कोन इचारनार, फोडू का म्हनून?

कल्पिता : कुणीतरी मामांना सांगा, शहाळं नको म्हणून.

धाकू : कुनीतरी तिला इचारा, का नको. डॉक्टरनं तर सांगलाय देयाला.

कल्पिता : कुणीतरी सांगा, सिस्टर नको म्हणाल्या.

धाकू : असा कसा? काल हो, आज नको. कुनीतरी तिला इचारा, चेहरा का उतरलाय तिचा. सकालधरनं बगतोय, मना काय समजत नाय. मी नुसता चालतोय इकरनं तिकरं.

कल्पिता : कुणीतरी... मामा. मामा, ते भांडं द्या. सरकलंय ते. लवकर द्या.

धाकू : हे घे. घे पोरी. सोडू नको, मी धरलाय. येऊ दे, सगला येऊ दे. टाक्यांवर उशी दाबून धर, हां, अशी. बेल मारलीय मी, येल ती. घाबरू नको.

कल्पिता : तुमच्या सदऱ्यावर उडालं.

धाकू : सदरा धुता येतो. तोंड पुस. हिरवा पानी परला नुसता. हे काय झाला गो? तू तर बरी होतीस.

कल्पिता : नव्हते बरी. मामा, मी तुमच्यासमोर काल खोटी मान हलवली. वारा सरलाच नव्हता. सरांनी तुम्हाला विचारलं, तुम्हाला कसंतरी झालं, मला बघवेना. आता परत नळी घालणार. कदाचित पोट पण उघडतील. मला भीती वाटतेय, मामा. खूप भीती वाटतेय.

धाकू : बस. बोलू नको जास्ती. मना वाटला होता.

कल्पिता : काय वाटलेलं?

धाकू : तू मान हालवलीस तवा डोले मिटलेस. ऐश्वर्या बारकी असताना असाच करायची, दूध सांडून नाय म्हनायची तवा. मना दिसला, पन मी इचारू कसा? म्हनून म्हनला हो हो. मी बी तसाच. दोगांनी मिलून डॉक्टरला फसवला.

कल्पिता : तुम्हाला काय दोष? विचारणार तरी कुणाच्या तोंडून होतात?

धाकू : हां, तेच. ऐक आथां, सिस्टर येयाच्या आत सांगतो, परत मना बोलता येयाचा नाय. माजा हर्निया अडकलेला, आठवतंय? आगरात मिठाच्या पाट्या उचलून उचलून झालेला. आतडा अडकला, रातोरात कापला.

कल्पिता : आठवतंय. मी नवीनच आलेले. तुम्हाला सिव्हिलला ठेवलेलं.

धाकू : तवा माजाबी वारा सरंना. आखा पुरुषांचा वॉर्ड, सगले गाववाले बगाया येनारे. सकाली डॉक्टर इचारी, दुपारी सिस्टर इचारी, मग बाजूच्या खाटेवरचा भाऊ इचारी, काय धाकूशेट, सुटला का? मी चादर तोंडावर घेऊन पडलेला. शेवटी तुजी सासू, बायजा, समोर उभी रायली नि सगल्यांच्या देखत म्हनाली, तुमी लाजून मेलात तर मी लोकांना काय सांगू, कशानं मेलात? आखा वॉर्ड हसला. मी बी हसलो, टाके दुखले मना. मग तिनं धरून चालवला, भिंतीला हात लावून. नि सरला.

कल्पिता : मग?

धाकू : मग काय. तिनं आख्या वॉर्डला पेढे वाटले.

कल्पिता : थांबा. ते पेढे? ते मीच आणलेले. सासूबाईंनी मला नाक्यावर पिटाळलेलं, चांगले केशरी बघून आण म्हणाल्या.

धाकू : तुना काय सांगला तिनं? कशाचे?

कल्पिता : नवसाचे. देवीला बोललेला नवस फेडायचाय म्हणाल्या. मी घरी पण देवापुढे ठेवले त्यातले दोन. इतकी वर्षं मी तेच धरून चाललेय.

धाकू : नवस न काय. माजा वारा होता तो.

कल्पिता : मामा, हसवू नका. दुखतंय.

धाकू : दुखू दे. हसलीस तर खरी. ती बग सिस्टर आली. सिस्टर, तिला उलटी झाली, हिरवी. आनि वारा सरला नाय, पयल्यापासून नाय. काल मी डॉक्टरला चुकीचा सांगला. लिवून घ्या, माजे नावावर लिवा. नि नली घालताना मी थांबू का, का जाऊ, ते तिलाच इचारतो. काय गो, थांबू?

कल्पिता : दाराबाहेर थांबा. लांब नका जाऊ.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. कल्पिताच्या नाकात पुन्हा नळी आहे, आवाज बसलेला आहे.)

प्राची : एक्सरे सरांनी बघितला. आतड्यात हवा कोंडलीय, पण कुठे पीळबीळ दिसत नाही. पोटॅशियम कमी होतं, ते सलाईनमधून चाललंय. संध्याकाळी सर परत येतील. तोपर्यंत काही हाललं तर ठीक.

कल्पिता : नाही हाललं तर?

प्राची : तर सीटी काढतील, मग ठरवतील.

कल्पिता : थिएटरचं ठरवतील ना? नीट बोला, सिस्टर. आता आम्ही नीट बोलतो.

प्राची : हो. थिएटरचं पण ठरवू शकतात. म्हणून चालायचं. पडून राहिलात तर ती आतडी कशाला उठतील?

धाकू : चल उठ. सलाईनचा दांडा मी धरतो.

कल्पिता : मघाशीच चालले ना, मामा. पाय लटपटतात.

धाकू : मी फेऱ्या मारत होतो ते तुना बगवत नव्हता. आथां तूच मार, मी बगतो. दारापरत. मग लिफ्टपरत. माजे हाताला धर.

कल्पिता : तुमच्या हाताला?

धाकू : मग कोनाचे? सिस्टरला धर नि सिस्टर मना धरल, असा करायचा का?

प्राची : माझं नाव मधे घेऊ नका आता. मला दुसरेही पेशंट आहेत.

कल्पिता : लोक बघतायत. ती शहाडची मावशी पण आलीय समोरच्या खोलीत. आपल्या नात्यातली आहे ती, गावभर करेल.

धाकू : करू दे. तुजी सासू असती तर तिनंच पयलं गावभर केला असता. चल, पाय उचल. घाई नाय. दमलीस तर सांग, तोंडानं सांग, मान हालवू नको.

कल्पिता : दमले.

धाकू : मग थांबू. भिंतीला टेक. आथां परत.

कल्पिता : पोटात गुडगुडतंय. काहीतरी फिरतंय आत. कळ येतेय.

धाकू : वायट कळ का चांगली?

कल्पिता : काय माहीत. खोलीत जाऊ या.

धाकू : चल. हां, बस खाटेवर. मी भायेर उभा ऱ्हातो, दार लोटून घेतो. सिस्टर, तुमी आत जा. राउंड आला तरी मी आत येनार नाय. आथां डॉक्टरनं माजेकडं बगायचाच नाय, तिला इचारायचा.

प्राची : काय हो ताई, घाम आलाय तुम्हाला. सरांना बोलावू का?

कल्पिता : थांबा जरा. थांबा. सिस्टर, तिकडे तोंड करा.

प्राची : केलं.

कल्पिता : अगं बाई गं.

प्राची : ताई? रडताय का? काय होतंय?

कल्पिता : इकडे या. कान करा.

प्राची : खरं? बघा हं, ह्या वेळी मला मान नको.

कल्पिता : तोंडाने सांगतेय ना. सरला. परत सरला. मोकळं वाटतंय, देवा, किती मोकळं वाटतंय.

प्राची : रडू नका, नळी हलेल. सरांना फोन लावते. लगेच खायचं नाही हं काही, ते सांगतील तेव्हाच. आणि आजोबा बाहेर तसेच उभे आहेत, दाराला कान लावून. मी सांगू मामांना?

कल्पिता : नको. मी सांगते. मामा.

धाकू : काय गो? काय झाला?

कल्पिता : पेढे आणा, केशरी. कुणी विचारलं तर नवसाचे म्हणा.